फाटकापर्यंतचं गवत

भुईगाव,
२५ नोव्हेंबर १९७९

प्रिय इग्नेशियस यांना मटिल्डाचा सप्रेम नमस्कार. प्रभू तुम्हाला सुखी ठेवो.

तुम्ही बहारीनहून पाठवलेली गवताच्या बियांची पिशवी फर्डिनंडभाऊजींनी पोचवली. साहेबाच्या बंगल्यापुढे आहे तसं लॉन आपल्या दारात हवं म्हणे! अहो, इथे अंगणात गवत दिसलं की शेजारणी सुनेला आळशी म्हणतात. आपलं अंगण कसं, चोपून सारवलेलं, लख्ख.

तरी पेरलं. कुदळीने अंगण खणलं, ढेकळं फोडली, शेणखत मिसळलं, बी टाकून वर माती भुरभुरली, रोज झारीने पाणी घातलं. तुमच्या आई रुसून बसल्या. पुढे कोवळी हिरवी लव दिसू लागली. एका रविवारी मिस्साहून येते तर काय, आईंनी सगळी बेणून काढलेली! जन्मभर भाजीच्या वाफ्यातलं तण काढणारा हात तो. "तुझं काम हलकं केलं गो," म्हणाल्या. मी पायरीवर बसून ढसाढसा रडले. आई घाबरल्याच. गवतासाठी कोण रडतं?

का पेरलं ते त्यांना सांगितलं. तुम्हालाही सांगायला हवं.

आपल्या एमिलीचा ताप उतरला, एवढंच मी पावसाळ्यात लिहिलं होतं. तापाने तिचा डावा पाय लुळा केलाय. डॉक्टर पोलिओ म्हणाले. तुम्ही नोकरी टाकून धावत आला असता, मग औषधपाणी कशातून करायचं? म्हणून दडवलं. रागवा हवं तर. ती भिंत धरून उभी राहायची, हात सोडला की पडायची. टणक जमिनीवर गुडघे फुटायचे. शेवटी उभं राहायलाच नको म्हणू लागली. पण मी तिला चालवणार आहे. चालवणारच.

उरलेलं बी आम्ही दोघींनी पुन्हा पेरलं. आता झारी आईंच्याच हातात असते. शेजारच्या लूर्डसच्या कोंबड्या फिरकल्या की काठी घेऊन धावतात. कोणी हसलं तर "माझ्या नातीचं गवत आहे," म्हणून खेकसतात.

काल एमिलीला गवतावर उभी केली. मी हात सोडला. पडली. तिने गुडघा चाचपून पाहिला, खुदकन हसली आणि म्हणाली, "आई, परत!"

नाताळला याल तेव्हा फाटकातच थांबा. पडली तरी उचलायला धावू नका. ती येईल तुमच्याकडे. सध्या गवत ओट्यापासून अंगणातल्या क्रूसापर्यंतच आहे. येताना आणखी बी आणा, फाटकापर्यंत पुरेल इतकं.

या वेळी "इकडे सर्व खुशाल" असं लिहीत नाही.

तुमचीच,
मटिल्डा