राणीनं दार का लावलं

प्रिय मनोहर,

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. पत्र लिहायला बसले ती तुझ्या शोभामुळे. रविवारी वडशाला नाटकवाल्यांनी तुझी शोकसभा ठेवली आहे. पोरगी फोनवर म्हणाली, "आत्याबाई, बाबा नाटकात कसे गेले तेवढं लिहून द्या. तुमच्याशिवाय कोणाले माहीत नाई."

मी लिहिलं, 'मनोहरला लहानपणापासून नाटकाची ओढ होती.' मग कागद फाडला. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे तुला सांगायला नको. कारण सापडलं नाही की लिहिणारा 'ओढ' लिहून मोकळा होतो.

शेवटच्या महिन्यात आपण रोज दुपारी ती राजाराणीची जादूची मालिका लावायचो. शुगरनं तुझी नजर गेली होती. संवाद तू ऐकायचास, आणि पडद्यावर काय घडतंय ते मी सांगायची. सांगणं कमी, चिडणं जास्त. चेटकीण काल वैरीण, आज मैत्रीण. सेनापती राज्य जिंकायला निघतो आणि अर्ध्या वाटेत संन्यास घेतो. का? उडता घोडा मी मान्य करते रे, पण घोडा उडतो म्हणून माणसांनी कसंही वागावं काय?

"कारण असते बाई," तू म्हणायचास. "लिहिणारा सांगाले विसरला." आणि स्वतःच सांगायला लागायचास. सेनापतीचं पोरगं लढाईत गेलं असंन. चेटकिणीले कोणी जेवाले बोलावलं असंन.

जन्मभर तू हेच केलंस. धान कापून झालं की गावोगावची नाटकं, आणि तू पुस्तक घेऊन पडद्याआड. नट त्याच दिवशी गाडीतून उतरणार, तालीम नाही, पाठांतर नाही. तू सांगशील ते तो बोलणार. कुरखेड्याकडच्या एका गावात पुस्तकाची दोन पानं उंदरांनी खाल्ली होती. खलनायक घरातून गेला तेव्हा दुष्ट होता, परत आला तो एकदम सज्जन. पब्लिकमधून कोणीतरी ओरडलं, "हा काऊन सुधरला बे?" नट तुझ्याकडे बघत उभा. तू आतून वाक्य दिलंस, "मायनं सपनात येऊन मले पाणी मागतलं." बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. पुढं ते वाक्य नाटकातच राहिलं.

मी तेव्हाही म्हणाले होते, "स्वप्न म्हणजे लेखकाचा आळस."

"असू दे ना बाई. लोकाईले पटलं ना."

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. राणीनं धाकट्या भावासाठी किती भाग जंगल पालथं घातलं होतं, अजगराच्या तोंडात हात घातला होता. तो वेशीपर्यंत पोहोचला आणि तिनं किल्ल्याचं दार लावून घेतलं. तो बाहेर. संपलं. मी रिमोट आपटला.

तू शांतपणे विचारलंस, "बाई, तिनं दार काऊन लावलं?"

"कारण नाही. त्यांना मालिका उरकायची होती."

"मोठी बहीण होती ना ते. काई तं असंन."

"काही नाही म्हणून सांगते ना. कच्चं लेखन आहे."

तू भिंतीकडे तोंड केलंस. "असो," म्हणालास. चौथ्या दिवशी तू गेलास.

तू मालिकेचंच विचारत होतास का रे? एवढी शिकलेली मी, दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, आणि मला ते समोर असून ऐकू आलं नाही. की ऐकू आलं होतं, आणि मी मालिकेच्या आड लपले? हेही आता ठरवता येत नाही.

मग आता सांगते.

आईबाबा गेल्यावर तू चामोर्शीला मामीकडे राहिलास, अकरा वर्षांचा. मला अहेरीच्या शाळेत नोकरी लागली. निघताना मी म्हणाले, "दिवाळी झाली की तुला घेऊन जाते." तू पेटी भरून ठेवलीस. मामीनं कळवलं, पोरगा कपडे पेटीतून काढू देत नाही. मी उत्तर पाठवलं, खोली लहान आहे. खोल्या दोन होत्या. पुढच्या वर्षी लिहिलं, इथली शाळा बरी नाही. त्याच शाळेत मी शिकवत होते. नववीत तू नापास झालास, आणि सगळे म्हणायला लागले, पोरगा ढ आहे. मीही म्हणाले. मला ते सोयीचं होतं.

खरं कारण ऐक. आई गेल्यापासून मी घरभर माणसांचा स्वयंपाक केला. अहेरीला पहिल्यांदा एकटीपुरता भात शिजवला. शाळेतून आले, दार लावलं, की कोणी हाक मारत नव्हतं. मला ते फार आवडलं. एक महिना, मग दुसरा, मग वर्ष. ते सोडवेना.

एवढंच. आजार नव्हता, मुख्याध्यापकांची मनाई नव्हती. पटत नाही ना? मलाही पटत नाही. मालिकेत कोणी असं दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, एवढ्यासाठी कोणी सख्ख्या भावाला सोडतं का?

सोडतं, मनोहर.

तू एकदाही तोंडावर विचारलं नाहीस. दर भाऊबीजेला आलास, जेवलास, डबा घेऊन गेलास. उलट शोभाला सांगायचास, "मले शुद्ध वाचता येते ते बाईमुळं." भांडला असतास तर बरं झालं असतं. चेटकिणीला, सेनापतीला कारणं देत बसलास. मलाही मनातल्या मनात एखादं देऊन ठेवलं होतंस का? चांगलं असणार ते. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

शोभाला चार ओळी हव्यात. रविवारी मी स्वतः उभी राहून वाचेन. 'मनोहरला नाटकाची ओढ नव्हती. तो घरून कोणी न्यायला येईल म्हणून चार वर्षं थांबला. कोणी आलं नाही. गावात नाटकाची गाडी आली, नाटकवाले चल म्हणाले, म्हणून तो गेला. न्यायला जायचं होतं ते मी. तो ढ नव्हता. तसं सगळ्यांना सांगणारी मी.'

पोरगी समोर बसलेली असेल. तिच्याकडे बघून वाचेन. ती उठून गेली तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन. पटावं म्हणून एक शब्दही जादा घालणार नाही, हे वचन.

तुझी,
बाई