निळी विहीर

शनिवार, सांज

सोजरमावशीची कोरडी विहीर म्याच नकाशात निळी केली. चिंचा पाडल्या म्हणून तिनं मला गावभर शिव्या घातल्या हुत्या, त्याचं उट्टं काढलं.

पाण्याचा नकाशा करायला तुळजापूरचे साहेब आले, तवा ऊन लई हुतं. ते लिंबाखाली बसले आन मोबाईल माझ्याकडं दिला. पाणी असंल तर निळा ठिपका, न्हायतर लाल. काय अवघड हुतं त्यात?

आता टँकर तिच्या वस्तीवर येत न्हाय. नकाशात पाणी हाय ना! म्हातारी घागर घिऊन आमच्या आळीत येती, तर लोक म्हणत्यात, ही पाणी लपवती. काल रांगंत एकजण तिला म्हणाली, "मावशी, निळ्या विहिरीचं आमालाबी पाजा की!"

म्या ग्रामसेवकाला म्हणलं, विहीर कोरडी हाय, येऊन बघा. तर म्हणतो, "बघायचं काय त्यात? नकाशात दिसतंय की." म्हंजे डोळ्यापेक्षा माझा अंगठा खरा!

आज मावशीच दारात आली. "लेकरा, तुला मोबाईलातलं कळतं. बघ की, माझी विहीर खरंच निळी हाय का?"

म्या बघितलं. खरं ओठावर आलतं. आन म्हणलं काय? "व्हय मावशी, निळीच हाय."

तिनं घागर कडंवर घेतली. मग म्हणाली, "आसंल बाबा. मलाच दिसत नसंल."

ही वही कुणाला घावली तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. म्याच सांगीन तिला. कधी, ते इचारू नका.