तिकडचा मफलर

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्काचं पार्सल आलं. आत निघालं ते असं — लोकरीचे मफलर दोन, एक निळा, एक तपकिरी. सहलीचं तिकीट एक, माझ्या नावाचं, पैसे पूर्ण भरलेले (आकडा वाचून मटकन खाली बसले). छापील वेळापत्रक एक. चिठ्ठी एक. टपालखर्च अक्काने भरलेला. मला खर्च शून्य. दोरी चांगली आहे, गुंडाळून ठेवली.

चिठ्ठी जशीच्या तशी — "आठ तारखेला निघ. जुन्या वाफेच्या गाड्यांची सहल आहे. शेवटच्या गाडीला पहिल्या डब्यात खिडकीशी बस. निळा तुझा. तपकिरी कुणाचा ते तिथे कळेल. न कळल्यास परत आण. माझे हात आता चालत नाहीत, हे शेवटचे दोन."

बस्स! ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "तुझी बहीण तारखात्यात हवी होती. शब्दाला पैसे पडतात तिला."

फोन करून विचारावं तर अक्काला फोनवर काही ऐकू येत नाही. मी विचारायची वांगी, ती सांगायची दांडी. अडतीस वर्षं आमचं सगळं पत्रानेच. आणि पत्राचं उत्तर यायच्या आत आठ तारीख येणार.

५ नोव्हेंबर

नाही जायचं असं ठरवलं.

६ नोव्हेंबर

जायचं असं ठरलं. तिकीट परत होत नाही म्हणतात. वाया कसं घालवू?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरली. जपमाळ, ही वही, औषधं, दोन्ही मफलर.

तपकिरी हातात घेतला आणि आई आठवली. वीण आईचीच. दर दहाव्या ओळीला एक टाका उलटा पडतो. आईची चूक ती. अक्का शिकली ती चुकीसकट शिकली, तिला वाटे तशीच वीण असते. मला सुया कधी जमल्याच नाहीत. आई म्हणायची, "तू वही सांभाळ, तुझा हात आकड्यांचा."

बाबा इंजिन ड्रायव्हर. सोमवारी आणि गुरुवारी घरी, बाकीचे दिवस गाडीवर. मुक्काम रुळाच्या दुसऱ्या टोकाला. आई त्यांचं नाव कधी घेत नसे, "तिकडे" म्हणायची. तिकडे चहा नेऊन दे. तिकडे आवाज आवडत नाही. मी बारा वर्षांची असताना बाबा गेले. तरी आई दर थंडीत एक मफलर विणायची आणि म्हणायची, "तिकडे पाठवायचा आहे." एकदा मी विचारलं, बाबा तर नाहीत, मग आता तिकडे म्हणजे कुठे? अक्काने डोळे वटारले. आई टाके मोजत राहिली.

मी समजले, देवाच्या दारी देत असेल, बाबांच्या नावाने. घरखर्चाच्या वहीत तेव्हापासून मीच लिहायची — "दानधर्म: लोकर". लग्न होऊन निघेपर्यंत दरवर्षी लिहिलं.

आता अक्काने ते दान माझ्याकडे सोपवलं की काय? पण देवळात द्यायला आगगाडीत कशाला बसायचं!

८ नोव्हेंबर, शनिवार

निघालो. आम्ही एकोणीस जण. नेणारी मुलगी हिरवं निशाण घेऊन पुढे चालते, म्हणून सगळे तिला गार्डबाई म्हणतात. माझ्या खोलीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "मी घोरते. तुम्ही जप मोठ्याने केलात तर फिटंफाट." बाई बरी वाटली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली गाडी. अरुंद रूळ, डोंगर चढणारी. डोळ्यात कोळशाचा कण गेला, तो नर्सबाईंनी पदराच्या टोकाने काढला. एक गृहस्थ प्रत्येक इंजिनाचा नंबर वहीत उतरवून घेतात. मला म्हणाले, "तुम्हीही लिहिता! कुठलं मॉडेल?" म्हटलं, चहाचे पैसे लिहिते.

तरी वासाने कासावीस झाले. बाबांच्या सदऱ्याचा वास. आई तो सदरा वेगळा धुवायची.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुसरी गाडी. दोन्ही दिवस पहिल्या डब्यातच बसले, न जाणो अक्काचं शेवटचं-पहिलं चुकायचं! कुणी काही विचारलं नाही. मफलर पिशवीत.

गार्डबाईने माहिती दिली — पूर्वी एकेक इंजिन एकेका ड्रायव्हरच्या ताब्यात असे, आणि प्रत्येकाची शिट्टी वाजवायची तऱ्हा वेगळी. "शिट्टी म्हणजे ड्रायव्हरची सही. घरच्यांना लांबूनच कळायचं."

हे तिला मी सांगायला हवं होतं! बाबांची शिट्टी — दोन आखूड, एक लांब, शेवटी एक टिचकीएवढी. आई आम्हाला म्हणून दाखवायची: "पा-णी ठेऽऽव ग!" पुलावर शिट्टी झाली की चुलीवर चहाचं पाणी. बाबा दारात, कप हातात. वेळेला इतके पक्के की लोक त्यांना घड्याळमास्तर म्हणत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

शेवटची गाडी. तीन दिवस इथेच मुक्काम, रोज एक फेरी. छोटं स्टेशन, लाकडी बाकं, पाण्याची उंच टाकी. इंजिनावर पांढऱ्या केसांचा म्हातारा ड्रायव्हर. निवृत्त आहेत, हौसेने फुकट चालवतात. पहिल्या डब्यात खिडकीशी बसले. गाडी परत येताना पुलावर चढली आणि शिट्टी झाली.

दोन आखूड. एक लांब. एक टिचकी.

मी उठून उभी राहिले. नर्सबाईंनी हात धरला — "काय झालं? चक्कर?" मी काय सांगू! माझ्या तोंडून निघालं, "पाणी ठेवायला हवं." त्या म्हणाल्या, "बसा, बसा, मीच आणते."

उतरल्यावर इंजिनापाशी गेले. ते हात पुसत खाली आले. विचारलं, ही शिट्टी कुणाची?

"माझ्या बाबांची. ते ह्याच रुळावर ड्रायव्हर होते. ह्या शिट्टीचा अर्थ आहे, बरं का बाई!" आणि हसून, हाताने ताल धरत म्हणाले, "पा-णी ठेऽऽव ग!"

त्यांच्यापुढे मी हा शब्द उच्चारला नव्हता. देवाशपथ नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी

जपात लक्ष नाही. माळ तीनदा चुकले.

बाबांच्या हाताखाली कुणी शिकाऊ असेल आणि त्याला हे ड्रायव्हर बाबा मानत असतील. असंही असू शकतं. किंवा दोन ड्रायव्हरांना एकच शिट्टी सुचली. आणि शब्दही तेच सुचले? नर्सबाईंना मोघम विचारलं, असं होतं का? म्हणाल्या, "होतं ना. एकाच तोंडवळ्याची दोन बाळं मी दोन खाटांवर पाहिली आहेत." मग माझ्याकडे नीट बघितलं.

बुधवार, दुपारी

आज मीच बोलणं काढलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ह्याची तयारी नव्हती. पण ते इंजिनाखेरीज काही विचारतच नाहीत.

वडिलांना काय म्हणत लोक? — "घड्याळमास्तर!"

घरी कधी असत? — "मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकी ड्यूटी. मुक्काम तिकडच्या टोकाला."

तिकडच्या टोकाला म्हणजे आमच्याकडे. सोमवार-गुरुवार आमचे, मंगळवार-शुक्रवार ह्यांचे. आणि रविवारी? दोन्हीकडे नाहीत. निदान रविवारी तरी देवाकडे असतील अशी आशा करते.

आधी हसूच आलं. दोन घरं, आणि एकाही घरी चहा थंड झाला नाही! घड्याळमास्तर खरे.

मग रागही आला. माझ्या आईला फसवलं. आई बिचारी इकडे पाणी ठेवते आहे, आणि बाबांचं तिकडे दुसरं घर. दुसऱ्या घरातल्या ह्या माणसाशी मी गोड बोलत उभी! निघणारच होते. तेवढ्यात त्यांनी थंडीसाठी मफलर गुंडाळला. जुना, विरलेला, तपकिरी. टोक माझ्यापुढे लोंबत होतं. मी ओळी मोजल्या. दहाव्या ओळीला टाका उलटा.

म्हटलं, छान आहे. कुणी विणला?

"कोण जाणे! दर थंडीत टपालाने येतो. बाबा गेले त्या वर्षापासून. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आई म्हणते, घाल आणि प्रश्न विचारू नकोस. यंदाचा अजून आला नाही बघा."

यंदाचा माझ्या पिशवीत होता.

काढला नाही. का काढला नाही, ते मलाच कळत नाही. आईला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि ती त्या घरातल्या मुलासाठी विणत होती. सवतीच्या मुलासाठी! मी देवाच्या खात्यावर लिहीत बसले. "तिकडे" म्हणजे बाबाही नव्हेत, देवही नव्हे. तिकडे म्हणजे तिकडेच!

त्यांनी उद्या घरी चहाला बोलावलं आहे. "रुळालगतच आहे. आई नव्वदीची आहे, पण शिट्टी ऐकली की अजून पाणी ठेवते."

जाऊ? आई असती तर जा म्हणाली असती, की नको? देवा, तू तरी सांग. तूही अक्कासारखाच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेले.

त्याआधीचं लिहायला हवं. सकाळच्या फेरीला त्यांनी इंजिनात चढून बघायला दिलं. भट्टीच्या वर खिळ्याला खिशातलं घड्याळ टांगलेलं. "बाबांचं. आईच्या माहेरून लग्नात मिळालेलं. अजून मिनिटभर चुकत नाही." उलटं करून दाखवलं. मागे लग्नाची तारीख कोरलेली.

मी साल वाचलं. माझ्या आईच्या लग्नातला पितळी डबा माझ्याकडे आहे, त्याच्यावरही साल आहे. रोज त्यातून साखर काढते, ते चुकायचं नाही. मनात वजाबाकी केली. पुन्हा केली. मॅट्रिकला गणितात पहिली आले होते मी.

सात वर्षं. घड्याळ सात वर्षं आधीचं.

म्हणजे दुसरं घर ह्यांचं नव्हे.

दुसरं घर आमचं.

नंबरवाले गृहस्थ खालून ओरडत होते, "ताई, बॉयलरवरचा नंबर दिसतोय का?" मी सांगितला. काय सांगितला कुणास ठाऊक.

काल मी आईसाठी चिडले होते. आज कुणासाठी चिडू? आईला आधी माहीत होतं, की मागून कळलं? आम्ही दोघी झाल्यावर? बाबांवर रागवावं तर ते सोमवारी माझ्यासाठी पेपरमिंट आणत, तेही आठवतं. मंगळवारी ह्यांनाही आणत असतील. मी म्हणजे कोण झाले मग? काल ज्यांना "दुसऱ्या घरातला माणूस" लिहिलं ते वरती खोडलेलं नाही. राहू दे.

घर एवढंसं. दोन खोल्या, स्वच्छ. खिडकीतून रूळ दिसतात. म्हातारी चुलीपाशी स्टुलावर बसलेली, दृष्टी जवळजवळ गेलेली. ड्रायव्हर म्हणाले, "आई, सहलीतल्या बाई आल्यात," आणि दूध आणायला बाहेर गेले.

मी तपकिरी मफलर तिच्या मांडीवर ठेवला. तिने बोटं फिरवली. ओळी मोजत गेली. दहाव्या ओळीपाशी बोट थांबलं.

म्हणाली, "मोठी की धाकटी?"

मी म्हटलं, "धाकटी."

"बस. पाणी ठेवलंय."

तिच्याजवळ जमिनीवर बसले. मी म्हटलं, माझ्या आईचं चुकलं. ती म्हणाली, "तिला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. तिला कळलं तसं तिने मला कळवलं. मला कुठे ठाऊक होतं! एकच पत्र. त्यानंतर मफलर. मीही कधी उत्तर धाडलं नाही. काय धाडणार?" मग मफलर नाकाशी नेला. "ती गेल्यावर थोरलीने चालू ठेवलं. टाके जरा घट्ट पडायला लागले, तेव्हाच मी समजले, तुमची आई गेली."

आई गेल्याचं हिला टाक्यांवरून कळलं.

विचारलं, ह्यांना माहीत आहे? "त्याला? इंजिनापलीकडे त्याला काय कळतं! सत्तरीचा झाला तरी भोळाच. मी आहे तोवर राहू दे. मग तुम्ही बहिणी बघा आणि तो बघो."

ते दूध घेऊन आले. मफलर पाहून लहान मुलासारखे हरखले — "आला? टपालवाला आज इतक्या उशिरा?" म्हातारी म्हणाली, "घाल आणि प्रश्न विचारू नकोस." तिघांनी चहा घेतला. निघताना ते पाया पडू लागले, पाहुणीच्या! मी मागे सरले, म्हटलं, अहो, तुम्ही थोरले! — आणि जीभ चावली. म्हातारी खुदकन हसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परतीची गाडी. पुलावर शिट्टी झाली. आज बसूनच ऐकली. स्टेशनवरून अक्काला कार्ड टाकलं. नक्कल इथे ठेवते —

"अक्का, मफलर पोचला. बेताचा झाला. पुढच्या वर्षीचा मी विणीन. मला सुया धरता येत नाहीत, तर पहिल्यापासून लिही. लोकर किती लागते, टाके किती घालायचे, आणि दहाव्या ओळीची आईची ती चूक नेमकी कशी करायची, ते उलट टपाली कळव."