पाच पाचची बस आणि सात आशीर्वाद

आदरणीय मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार (प्लास्टरमधल्याला जरा लांबूनच). खाज कमी झाली का? मामीची विणायची सुई आत घालू नका, असं आईनं बजावून सांगितलंय.

तुमची भाची मार्गी लागली, मावशीच्या डोक्यावरचा भार उतरला. पण पत्राचं कारण वेगळं आहे. तुमचा भाचा जिंकला, आणि तुम्ही कान पिळून शिकवलेल्या धर्मशास्त्राच्या जोरावर जिंकला.

लग्न दुपारचं. माझी बस पाच पाचला सुटायची (यंदा दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा झाला तर बिल्ला जमा करा, असं डेपो मॅनेजरनं लेखी कळवलंय). म्हणजे पावणेपाचला निघणं भाग. पण यहुदी घरात जन्माला आलोय ना! तिघे एकत्र जेवले की जेवणानंतरची आभाराची प्रार्थना एकत्रच म्हणायची, एकट्यानं तोंड पुसत सटकायचं नाही. त्यातून लग्न असलं की प्रार्थनेला जोडून नवरानवरीसाठी सात आशीर्वाद, आणि त्यांना दहा पुरुष हवेत.

तुमची पहिली पळवाट आठवली : बसतानाच ठरवायचं की मी या पंक्तीत सामील नाही, म्हणजे एकट्यानं उठता येतं. मनात ठरवलं असतं तरी चाललं असतं, पण मी पडलो सरळ माणूस, मोठ्यानं बोललो. नेमकी मावशी मागे उभी.

“या पंक्तीत नाहीस? मग कुणाच्या आहेस रे, मुलाकडच्यांच्या?” असं म्हणत तिनं मला दंडाला धरून मधल्या टेबलावर नवरदेवाच्या काकांसमोर नेऊन बसवलं.

हे काका निवृत्त शाळा तपासनीस. जेवण झाल्यावर, प्रार्थनेच्या आधी, ते ‘दोन शब्द’ बोलायला उठले. दोन शब्दांचे चौदा कागद होते. सव्वाचार वाजले तेव्हा तिसरा कागद चालू होता आणि नवरदेवाला अजून दात येत होते.

मग दुसरी पळवाट : उठणारे आणखी दोघं शोधायचे, तिघांनी आपली प्रार्थना वेगळी म्हणायची आणि निघायचं. शेजारच्या दंतवैद्याच्या कानात कुजबुजलो, तर माझं वाक्य संपायच्या आत त्यानं कोटाची बटणं लावली. (आणि हा माणूस आपल्याला तासभर तोंड उघडून बसवतो!) पलीकडच्या टेबलावरचा शिंपी तर न बोलावताच आला. आम्ही तिघे चोरपावलांनी कोपऱ्यात पोचलो, तोच मावशी दारात आडवी. तीस वर्षं वॉर्डात नर्स होती ती. बोलता बोलता डोकी मोजते.

“पुरुष बारा. तीन गेले तर किती?”

“नऊ,” दंतवैद्य म्हणाला, आणि त्याचाच चेहरा पडला.

“म्हणजे माझ्या पोरीचे सात आशीर्वाद बुडाले!”

मामा, तिचे डोळे भरले होते हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच क्षणी उजेड पडला. म्हटलं, “मावशी, आम्हाला थांबवायचं कशाला? प्रार्थना आत्ताच सुरू कर की!”

मावशीनं डोळे पुसले, सरळ गेली आणि काकांच्या हातातला कागद काढून घेतला. काकांचं तोंड उघडंच राहिलं, हॉल मात्र एकदम जागा झाला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आणि प्रार्थना सांगणाऱ्यानं धरायचा द्राक्षरसाचा पेला मावशीनं दिला कुणाच्या हाती? माझ्या! पुढे होऊन सगळ्यांना प्रार्थनेचं आवाहन मी केलं. आवाज असा लागला म्हणून सांगू! सात आशीर्वाद झाले, तुमची भाची हसली, मावशी रडली, आणि पावणेपाचला मी रस्त्यावर.

पाच पाचला बस सुटली. फाटकात मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. त्याला मी मान झुकवून नमस्कार केला. पुढच्याच थांब्यावर काका चढले आणि माझ्याशी भांडायला तोंड उघडलं. मी मुकाट्यानं वरच्या पाटीकडे बोट दाखवलं : ‘बस चालू असताना चालकाशी बोलू नये.’

मामींना नमस्कार.

तुमचा विजयी भाचा

ता. क. एक बारीकशी शंका. ही प्रार्थना पाव खाल्ला तरच लागू होते ना? आणि पुढे होणाऱ्यानं तर तो खाल्लेलाच हवा? पाव खाल्ला की मला गाडीवर झोप येते, म्हणून मी नुसते मासे आणि बटाटे खाल्ले होते. तर सगळं नीट पार पडलं, असं तुमच्या सहीनं दोन ओळींत कळवा. पंचेचाळीस वर्षं शिकवताय, एखादी फट असेलच.

आणखी ता. क. फट नसेल तर उत्तर पाठवूच नका. मावशीनं माझं नाव आणखी दोन लग्नांत प्रार्थनेसाठी सुचवलंय आणि मी हो म्हणून बसलोय. तिथे आधी पाव खाईन.