कासवाची फाइल

५ जानेवारी, सकाळी साडेसहा
आमच्या खात्यात रोजनिशी ठेवायला मनाई आहे. नियम योग्यच आहे, मीच तो केला. पण तो खालच्या लोकांसाठी. राष्ट्रीय सुरक्षेच्या उपसल्लागाराला मन कुठेतरी मोकळं करावं लागतंच.
संकल्प: कमी बोलायचं. रोज चालायचं. जूनमध्ये रिटायरमेंट आहे, पण मुदतवाढीसाठी कोणाच्या मागे लागायचं नाही. मोठ्या साहेबांना माझी किंमत कळतेच.

९ जानेवारी
चाललो नाही. थंडी फार.
मास्तरीण रिपोर्ट घेऊन आली. सीमेपलीकडचं डेस्क तिच्याकडे. सगळ्यांचे ड्राफ्ट लाल पेनने तपासते म्हणून ऑफिसने तिला हे नाव ठेवलंय. तिचा तिकडचा माणूस, फाइलीतलं नाव 'कासव', याने पुन्हा अचूक खबर पाठवली. अकरा वर्षं पाठवतोय. मी विचारलं, हा आहे तरी कोण? म्हणाली, ते न विचारण्याची पद्धत आहे सर. मी जरा आवाज चढवला. तेव्हा कुठे तोंड उघडलं. कासव शिंपी आहे. तिकडच्या बड्या लष्करी अधिकाऱ्यांचे गणवेश शिवतो. माप देताना माणसं बोलतात, हा ऐकतो.
जाताना म्हणाली, हे आता आपल्या दोघांनाच माहीत आहे सर.
माणसाचा विश्वास मिळवणं ही कला आहे. अंगातच असावी लागते.

१८ जानेवारी, रविवार, दुपारी चार
साडूंकडे जेवण. कापडाची निर्यात करतात. कंटेनर, परदेशी गिऱ्हाइकं, विमानं, दोन तास तेच पुराण. मग मला म्हणाले, तुम्ही सरकारी लोक करता काय हो, फाइली इकडून तिकडे? मेहुणी हसली. ते चालतं. बायकोही हसली.
तेव्हा मी एवढंच म्हटलं, की तिकडच्या सेनापतीचं पोट किती इंचांनी सुटलं तेसुद्धा माझ्या टेबलावर येतं. साडू म्हणाले, थापा मारू नका. मी म्हटलं, माप घेणाराच आपला असेल तर? साडूंनी स्वतः उठून मला वाढलं.
नाव घेतलं नाही. शहर सांगितलं नाही. याला म्हणतात संयम.
गाडीत बायको म्हणाली, सांगायची काय गरज होती? तिला आमच्या कामातलं काही कळत नाही.

१२ फेब्रुवारी
कासवाकडून दहा दिवस काही नाही. मी मास्तरणीला धीर दिला, म्हटलं आजारी असेल. ती म्हणाली, आजारी असला तरी कळवतो, सर.
बायकांचा स्वभावच काळजीचा.

१९ फेब्रुवारी, दुपारी सव्वा वाजता
कासव गेला. पकडला, आणि आठवड्याच्या आत संपवला. दुकानाला सील. बायकोला आणि मुलीला उचललं होतं, चार दिवसांनी सोडलं.
मास्तरणीने उभ्यानेच सांगितलं. बस म्हटलं तर बसली नाही. मी म्हटलं, दुर्दैवी. ती म्हणाली, अकरा वर्षांत तिने त्याला तीनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी तिच्या कोटाची बाही उसवलेली होती, ती त्याने बोलता बोलता शिवून दिली. हे मला का सांगितलं, कोण जाणे.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.
संकल्प: गळती कुठून झाली ते शोधून काढायचं. कोणाचीही गय नाही.

२० फेब्रुवारी
चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी! मोठे साहेब म्हणाले, या कामाला तुमच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. आता मुदतवाढीचं बघायला नको.

२ मार्च
आठ जणांचे जबाब. सगळ्यांचे फोन जमा (माझा सोडून, अध्यक्षाला फोन लागतो). प्रश्नावली मीच तयार केली. प्रश्न अकरावा: गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कोणाकडे जेवायला गेला होता, आणि तिथे काय बोललात? टाइप होऊन आली तेव्हा प्रश्न जरा लांबलेला वाटला. काढून टाकला.

८ मार्च, रविवार
मेहुणीचा फोन आला होता. बायकोने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. जानेवारीअखेर साडूंकडे तिकडचे व्यापारी आले होते. साडूंनी पोटाच्या मापाचा किस्सा सांगितला. सगळे खो-खो हसले. एक जण हसला नाही. त्याने विचारलं, कोणता शिंपी?
मी म्हटलं, योगायोग. शहरात शेकडो शिंपी असतात.
बायको म्हणाली, सेनापतीचा किती असतील?
मी पेपर उघडला. चौकशी चालू असताना अध्यक्षाने घरी बोलणं बरोबर नाही.

१२ मार्च
मास्तरणीचा जबाब. मी विचारलं, कासवाचा धंदा तुम्ही कोणाला सांगितला होता? ती म्हणाली, "तुम्हाला, सर."
स्टेनोचा हात थांबला. मी म्हटलं, हे उत्तर समितीच्या विषयाला धरून नाही, नोंद नको.
"मग काय लिहायचं? कोणालाच नाही?"
मी हो म्हटलं.
 ती स्टेनोला म्हणाली, "लिहा. पण ते खोटं आहे."
शेवटचं वाक्य नोंदीत घेतलं नाही.

३० मार्च
अहवाल सादर. दोनशे बारा पानं. निष्कर्ष: कोणा एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येत नाही, दोष व्यवस्थेचा आहे. मात्र डेस्ककडून माहिती हाताळण्यात ढिलाई. मास्तरणीची बदली तळघरात, जुन्या रेकॉर्डला. तिथे शांतता असते. तिला आरामाची गरज होतीच.
बायको हल्ली ऑफिसबद्दल विचारत नाही. घरातही शांतता.

२१ एप्रिल
कासवाच्या मुलीचं पत्र, तिसऱ्या देशातून फिरत फिरत आलं. तिकडे जाहीर केलंय की तो लष्कराचं कापड चोरताना सापडला. शेजारी तिच्या आईशी बोलत नाहीत. मुलीला मदत नको. वडील चोर नव्हते, एवढं कोणीतरी लिहून द्यावं, म्हणते.
आमचं धोरण: असा माणूस आमचा होता असंही म्हणायचं नाही, नव्हता असंही नाही. 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला.
मास्तरणीने तळघरातून वर येऊन शेरा वाचला. लाल पेन काढलं, आणि परत खिशात ठेवलं. तासाभराने राजीनामा आला.

४ मे, सकाळी आठ
ठरलं. आज मोठ्या साहेबांना सगळं सांगणार. बरं वाटतंय. बायकोला सांगितलं. तिने दीड महिन्यात पहिल्यांदा माझा डबा स्वतः भरला.

त्याच दिवशी, दुपारी तीन
सांगितलं. साडू, जेवण, पोट, माप, सगळं. साहेब सह्या करत होते, करतच राहिले. म्हणाले, "कापडवाले ना? फेब्रुवारीतच कळलं मला."
मग मला अध्यक्ष का केलंत, मी विचारलं.
"दुसरा कोणी असता तर त्याने शोधून काढलं असतं."
आणि एक कागद पुढे सरकवला. मुदतवाढ. दोन वर्षं. मी नको म्हणायला तोंड उघडलं. थँक्यू सर, असं म्हणालो.
खोलीत येऊन मास्तरणीला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, "मला ठाऊक होतं, सर. मला वाटलं होतं, तुम्ही जबाबाच्या दिवशीच बोलाल. त्या मुलीला पत्र देणार आहात का?" मी म्हटलं, बघतो. तिने फोन ठेवला.
लगेच लिहायला बसलो. 'तुमचे वडील चोर नव्हते.' एकच ओळ. खाली सही करायची तेवढी बाकी.  मग सहीच्या जागी 'मसुदा, मंजुरीसाठी सादर' असं लिहिलं आणि कागद मोठ्या साहेबांकडे पाठवून दिला.