खाल्लेलं अंगाला लागतं

बालाघाट,
१४ नोव्हेंबर १९७३

चि. साधनास,

ताईचा आशीर्वाद. सासूबाईंचाही आहे, त्यांनी तो मोठ्याने सांगून लिहायला लावला.

आम्ही नागपूरहून सुखरूप पोचलो. गोंदियाला छोटी गाडी नेहमीसारखी उशिराने सुटली. नवं चिन्नोर घरात आलं आहे, भात शिजला की शेजारणी दारात येऊन वास घेतात. तुझ्यासाठी तांदूळ कुणासोबत तरी पाठवते.

तुमच्या डॉक्टरसाहेबांना माझ्या बारीक होण्याच्या ऑपरेशनचं काय कळवायचं, असं तू स्टेशनवर विचारलंस. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. आतड्याचं वरचं टोक कापून शेवटाशी जोडलं, की मधलं सगळं आतडं पोटात नुसतं पडून राहणार ना? त्याला भूक लागते का? ते गुरगुरतं का? मी बारीक झाले आणि नको वाटलं, तर पुन्हा जोडता येतं का? साहेब अमेरिकेत शिकून आले, त्यांना हे विचारायची मला लाज वाटली. तू घरची नर्स, तुला विचारते.

ह्यांना मी समजावून सांगितलं तर अंगणात सुतळीचं आतडं पसरून बसले. जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे नहराचं पानी वावरात न नेता सरळ नाल्यात सोडाचं. मंग वावरानं काय कराव?"

आणखी एक गंमत. तुमच्या दवाखान्याचा काटा माझ्यासाठी तोकडा पडला होता, आठवतं? म्हणून हे मला वारासिवनीला आपल्या राईस मिलमध्ये धानाच्या काट्यावर घेऊन गेले. तोलणारा मोतीलाल. धान मोजताना पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची त्याची जन्माची सवय. मी काट्यावर उभी राहिले आणि तो ओरडला, "लाभ!" मग जीभ चावून पळाला. मी इतकी हसले की काटा स्थिर होईना.

तेव्हा जाडीपायी मला इथे कोणी हिणवतं, असं मनात आणू नकोस. प्रश्न दमाचा आहे. हातात नुसता तांब्या असला तरी परसापर्यंत दोनदा थांबावं लागतं. हृदयावर ताण आहे, असं इथले डॉक्टरही म्हणाले, ते तुला ठाऊक आहे. तुमच्या वॉर्डात ती ऑपरेशन झालेली बाई एका दमात जिना चढून आली, तिचा मला हेवा वाटला. अजून वाटतो. केस विरळ झालेत म्हणाली, तरी हसत होती.

सासूबाईंना सांगणं सर्वांत कठीण गेलं. मी साहेबांचेच शब्द सांगितले, की पोटभर जेवा, पण खाल्लेलं अंगाला लागणार नाही. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"अवं, हे तं नजर लागल्यावर होते! लोकं नजर उतरवाले आपल्या दारी येतात, अन् हा डागदर मुद्दामून लावून देते?"

लगेच मीठ-मिरच्या घेऊन आल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मी हसत होते. मिरच्यांचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मला हसता येईना.

कारण हे शब्द मी आधी ऐकले होते. "पोरींच्या मायच्या अंगाले खाल्लं लागत नाही." बाबा रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायचे. संग्रहणीने माय वाळत गेली, लुगडं कमरेवर ठरेना. घास घशाखाली उतरला की तिला परसात धरून न्यावं लागे. तू केवढीशी होतीस, तरी आपण दोघी मिळून तिची धुणी धुतली. आणि बाबा माझ्या ताटात भात वाढत म्हणायचे, "माह्या मोठीच्या अंगाले समदं लागते." तेवढं बोलताना तरी त्यांचा चेहरा उजळायचा.

डॉक्टरसाहेब सहज म्हणाले, ऑपरेशननंतर जुलाब होतील, काहींना फार दिवस राहतात. तेव्हा तू उठून खिडकीचा पडदा सारखा करायला लागलीस. पडदा सरळच होता गं. मी पाहिलं.

साधना, मी ऑपरेशन करणार नाही. साहेबांनी काही लपवलं नाही, ज्याला झेपेल त्याने जरूर करावं. पण मायला जे न मागता मिळालं, ते मी सही करून मागू शकत नाही.

मला मरायचं नाही, खरंच नाही. सुरीवाचूनचा एखादा रस्ता असेल, कितीही लांबचा असो, तर साहेबांना विचार. ताट लहान करायला सांगतील तर करीन. हळूहळू चालायला सांगतील तर नहरापर्यंत चालेन, मध्ये बसेन, पण चालेन.

माय गेल्यापासून आपण दोघी तिच्याविषयी एक शब्द बोललो नाही. उत्तरात आधी तिचं लिही. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानंतर.

तुझी, आपल्या दोघींत जास्त घाबरलेली,
सत्यभामाताई