कोरड्या इथेनॉलची दोन वर्षं

प्रिय सुलभाताई,

तुमच्या तेराव्याला लातूरला आलो होतो. नांदेडच्या प्रयोगशाळेत तुम्ही आम्हा धाकट्यांना किती सांभाळलंत, त्यावर चार शब्द बोला, असं भाऊजी म्हणाले. मी उठलो आणि काही न बोलता खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. मला राग आला होता. तुमच्या प्रयोगांच्या वह्या भाऊजींनी आठवडाभर आधीच माझ्याकडे दिल्या होत्या, आणि मी त्या वाचल्या होत्या.

आपलं काम एकच होतं. क्रिया वेगाने व्हावी म्हणून रुथेनियम घालून किटोनवर हायड्रोजन चढवायचा आणि कोणत्या द्रावकात ते लवकर होतं ते बघायचं. इथेनॉलमध्ये तुमचं तासाभरात व्हायचं, माझं दिवसभर रखडायचं. तोच किटोन, तेच रुथेनियम! मला वाटलं, माझ्या इथेनॉलमध्ये ओल राहते. मग दोन वर्षं मी ते सुकवत बसलो. जितकं कोरडं करायचो, तितकी क्रिया मंदावून हायड्रोजनच्या दाबाचा काटा हलेनासा व्हायचा.

"काय वाळवणवाले, किती सुकवून राहिले अजून?" असं सगळ्यांसमोर विचारायचात. मीही हसायचो.

आणि वहीत काय आहे? "इथेनॉलमध्ये थोडं पाणी मुद्दाम घातलं. वेळ निम्म्याहून कमी." मी सुकवायला लागलो त्याच्या आधीची तारीख आहे, ताई!

प्रबंधात मात्र नुसतं इथेनॉल लिहिलंत. का? पाण्याचं श्रेय पुढे वेगळं घ्यायचं होतं? तेही घेतलं नाहीत. मला एक वाक्य सांगायला काय झालं असतं? मी कुणाजवळ बोललो नसतो. मी किती बोलतो, तुम्हाला ठाऊक होतं.

एकदा लागोपाठ सातवा प्रयोग फसला, तेव्हा डब्यातलं धपाटं माझ्या हातावर ठेवलंत. "तुझ्या हातात दोष न्हाई रे," म्हणालात. ते खरं होतं, आणि ते फक्त तुम्हालाच माहीत होतं. मी ते धपाटं खाल्लं, याचा आज सगळ्यात जास्त राग येतो.

पुढे संशोधन सोडून मी भोकरला शिकवायला लागलो. माझे हात या कामाचे नाहीत, असं आईला सांगितलं, बायकोलाही सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुटीत नांदेडला जाणार आहे. आपल्या जुन्या प्रयोगशाळेत काम करायची परवानगी मिळाली आहे. एकदा कोरड्या इथेनॉलमध्ये, एकदा पाणी घालून, दोन्ही प्रयोग करीन आणि जे येईल ते छापायला पाठवीन. पाण्याचं निरीक्षण पहिलं तुमचं, हे त्यात नक्की लिहीन. कोणत्या दिवशीचं, तेही लिहीन.

तुमच्या शेजारच्या टेबलावरचा,
वैजनाथ